रंग कच्चा आहे, हात लावू नका

मला माणसांची भीती वाटत नाही, त्यांच्या कमरेच्या पट्ट्याच्या बकलाची वाटते. तशीच बोटातल्या अंगठीची, खिशाला अडकवलेल्या पेनाची आणि किल्ल्यांच्या जुडग्याची. गिऱ्हाईक शेडमध्ये शिरलं की त्याचं तोंड मी नंतर बघतो, आधी त्याच्या अंगावर कुठं कुठं धातू आहे ते बघतो. लोकांना वाटतं मिस्त्री घमेंडी आहे, राम राम घ्यायच्या आधी कमरेकडं बघतो. त्यांना काय सांगावं! महिनाभर घासून, लांबी म्हणजे पुट्टी भरून, परत घासून, धूळ खाऊन जो रंग चढवलेला असतो, तो एका बकलाच्या टेकण्यानं जातो. टेकणाऱ्याला कळतसुद्धा नाही.

हिंगोली-वाशीम रस्त्यावर कनेरगाव नाक्याला ढाब्यांच्या पुढं आमचं पत्र्याचं शेड आहे. जुन्या ट्रकांच्या बॉड्या नव्यासारख्या करून देणं हे माझं काम. मराठीत याला डेंटिंग-पेंटिंग म्हणतात. आता गुडघ्यांनी संप केल्यामुळं घासायचं काम दुसरी माणसं करतात, पण शेवटचं काम मी अजून कुणाच्या हाती देत नाही. शेवटचं काम म्हणजे साज चढवणं. दाराच्या पट्ट्या, काचेची रबरं, दिव्यांची कडी, आरशाचे दांडे, मागची अक्षरं. रंग लावताना माणूस चुकला तर परत घासता येतं. साज चढवताना चुकला तर पूर्ण झालेलं काम बिघडतं. म्हणून या टप्प्यावर मला कायम भीती वाटते. इतकी वर्षं झाली, ती काही गेली नाही.

ज्यांनी हे काम पाहिलेलं नाही त्यांच्यासाठी थोडं सांगतो. जुनी गाडी आली की आधी तिचा सगळा साज उतरवायचा. गंजलेला स्क्रू ओढून काढायचा नाही, त्याला तेल पाजून वाट बघायची. उतरलेली प्रत्येक पट्टी जुन्या लुगड्यात गुंडाळून ठेवायची, कारण त्या पट्ट्या आता कुठंही मिळत नाहीत. मग पत्रा, लांबी, रंग. रंग वरून वाळला तरी आतून कच्चा असतो. भाकरीचा पापुद्रा भाजलेला आणि आत पीठ ओलं असतं ना, तसं. या कच्च्या रंगावर मग सगळं लोखंड परत चढवायचं असतं. कडेनं कागदी टेप लावायची, भोकात मेण भरायचं म्हणजे पाणी जाऊन गंज धरत नाही, पट्टीखाली पातळ रबर घालायचं, आणि स्क्रूचे शेवटचे दोन फेरे मशीननं न देता हातानं द्यायचे. समोरच्या काचेचं रबर बसवायचं तर त्याच्या खाचेत सुतळी घालून, साबणाचं पाणी लावून, आतून ती सुतळी हळूहळू ओढायची. रबराची कड पत्र्यावर आपोआप चढत जाते. बघणाऱ्याला गंमत वाटते. ओढणाऱ्याचा श्वास अडकलेला असतो.

हे सगळं मला हिंगोलीच्या एका उस्तादांनी शिकवलं. ते साज चढवायच्या दिवशी आम्हाला अंगठ्या, पट्टे, करदोडे सगळं काढायला लावत आणि पायजम्याला नाडी आहे का हेही विचारत. "डरते रहो, हाथ साफ रहेगा," हे त्यांचं एकच वाक्य. त्यांचं ऐकून मी घाबरायला शिकलो आणि मग हे घाबरणं मी सगळ्यांना शिकवत सुटलो. शेडमध्ये पाऊल टाकणाऱ्या प्रत्येकाला माझं पहिलं वाक्य ठरलेलं: रंग कच्चा आहे, हात लावू नका. आमच्या नाक्यावरचे टपरीवाले मला चहा देतानासुद्धा हेच म्हणून चिडवतात. कप कच्चा आहे मिस्त्री, हात लावू नका.

हसू देत. सेनगावच्या एका सोयाबीन व्यापाऱ्यानं नवी झालेली गाडी पाहून भरतभेटीसारखी तिला मिठी मारली होती. त्याच्या शर्टाच्या गुंड्यांची रांग दारावर उमटली. दुसऱ्या एका घरी गाडी नेल्या दिवशी सुनबाईंनी हौसेनं दारावर हळदीचा पंजा उमटवला. कच्च्या रंगात हळद मुरली की देवसुद्धा ती काढू शकत नाही. त्या पांढऱ्या गाडीवरचा पिवळा पंजा मी दोनदा घासला, दोनदा तो खालून वर आला. शेवटी मालक म्हणाला, राहू द्या, लक्ष्मीचा हात आहे. तेव्हापासून मी दसऱ्याला घाबरतो. हळद, कुंकू, झेंडूच्या माळांची तार, नारळाचं पाणी, एकेक वस्तू रंगाची वैरी. आमच्या घरात गाडीपूजेची रीत नाही, आमचा दसरा विहारात जातो. पण त्या दिवशी वंदना चालू असतानाही माझं मन कुणाच्या तरी बॉनेटवर असतं.

आणि गेल्या दसऱ्याला जे झालं, त्याच्यानंतर तर या भीतीला दुसरंच तोंड फुटलं.

गोरेगावचे विजयराव धान्याचे आडते. त्यांच्या वडिलांनी पहिल्यांदा घेतलेला लांब नाकाचा ट्रक बरीच वर्षं त्यांच्या गोदामामागं बाभळीखाली उभा होता. कोंबड्या त्यात अंडी घालत. वडील जाऊन जमाना झाला. अलीकडं अशा जुन्या गाड्या नव्या करायची हौस निघाली आहे, मोबाईलवर लोक त्यांचे व्हिडिओ टाकतात. विजयरावांना वाटलं, आपणही करावी. त्यांच्यासोबत शेडवर त्यांच्या आई आल्या, सरूबाई. ऐंशीच्या पुढच्या, काठी टेकत चालणाऱ्या, पण नजर तीक्ष्ण. मी त्यांना मावशी म्हणू लागलो.

गाडीचा मूळ रंग कोणता यावर मायलेकरांत वाद होता. लेक म्हणत होता निळा, कारण त्याच्या आठवणीत ती निळीच होती. मावशी म्हणत होत्या हिरवा. मी दाराच्या आडव्या पट्टीचे स्क्रू सोडवले आणि पट्टी अलगद उचलली. वर निळ्याचे थर होते, पण पट्टीखाली ऊन, पाऊस, नंतरच्या रंगाऱ्याचा ब्रश, काहीच पोचलं नव्हतं. तिथं बोटभर रुंदीचा हिरवा रंग तसाच्या तसा होता, पोपटी नाही, काळपट नाही, तुरीच्या कोवळ्या शेंगेचा. मावशी वाकून बघत राहिल्या.

"ह्योच रंग व्हता," त्या म्हणाल्या. "ह्यांनी गाडी दारात आणली तवा ह्योच व्हता."

त्यांनी तो रंग बोटानं चाचपला. मी बोलून गेलो, मावशी, याला लावा हात, पण नवा झाल्यावर लावू नका. सवयीचं वाक्य होतं. त्यांनी मात्र मान हलवून ते नीट ध्यानात ठेवलं. पुढं त्या दोनदा गाडी बघायला आल्या, दोन्ही वेळा चपला शेडच्या बाहेर काढून, हात मागं बांधून, देवळात फिरावं तशा गाडीभोवती फिरल्या. शेवटच्या खेपेला मी त्यांना स्टूल देऊन केबिनमध्ये बसवलं. बसवताना मीच सांगितलं की पाय दाराच्या पत्र्याला टेकवू नका, आतला रंग सगळ्यात शेवटी मारला आहे, तो फार कच्चा आहे. त्यांनी लुगडं आवरून पाय सीटखाली घेतले. असं आज्ञाधारक गिऱ्हाईक मला कधी मिळालं नव्हतं. मी खूश झालो होतो.

भीती वाटायला लागली ती गाडी न्यायची वेळ आली तेव्हा. मी दिवाळीपर्यंत थांबा म्हणत होतो. पावसाळा लांबला होता, हवेत दमटपणा होता, रंग मनासारखा सुकत नव्हता. त्यात दारांची रबरं नवी. नवं रबर जाड असतं, दार घट्ट बसतं. कच्चा रंग आणि नवं रबर उन्हात एकमेकांना दाबून राहिले तर चिकटतात, अगदी खळ लावल्यासारखे. म्हणून आम्ही रबरावर शंखजिऱ्याची पूड चोळतो आणि काही दिवस दारं अर्धवट उघडी ठेवायला सांगतो. पण विजयरावांनी ऐकलं नाही.

"मिस्त्री, दसऱ्याला गाडी पारापाशी उभी राह्यलीच पायजे," ते म्हणाले. "मायचं वय तुमी बघूनच राह्यले. पुढचा दसरा कोन पाह्यला?"

मी दारांना पूड चोळून दिली, काचा खाली ठेवा म्हणालो, दारं आपटून लावू नका म्हणालो, धरायचंच तर कडी फडक्यानं धरा म्हणालो. त्यांचे जुने ड्रायव्हर जब्बारभाई गाडी न्यायला आले होते. हीच गाडी त्यांनी तरुणपणी हिंगोलीच्या जिनिंगला कापसानं भरून नेलेली. त्यांनी माझा प्रत्येक शब्द बराबर ऐकला आणि प्रत्येक शब्दाला "जी मिस्त्री" म्हटलं. गाडी गोरेगावच्या दिशेनं वळली तेव्हा मी शेडमध्ये न परतता ती दिसेनाशी होईपर्यंत रस्त्यावर उभा राहिलो. पाठवणीला मुलीच्या बापाला काय होतं ते मला या धंद्यात शंभरदा झालं आहे, पण त्या दिवशीचं वेगळं होतं.

दसऱ्याला सकाळी विहारात जाऊन आलो आणि जीपनं गोरेगाव गाठलं. विजयरावांनी आग्रहानं बोलावलं होतं. ऊन चांगलंच तापलं होतं. गाडी त्यांच्या दुकानापासून मारुतीच्या पारापर्यंत मिरवत आणत होते. पुढं हलगी, मागं पोरं, दोन्ही बाजूंना वर धरलेले मोबाईल. हिरवा रंग असा उठून दिसत होता की माझ्याच कामाला माझीच नजर लागेल असं वाटलं. केबिनमध्ये जब्बारभाई आणि त्यांच्या डाव्या बाजूला सरूमावशी, नवं नऊवारी नेसून ताठ बसलेल्या. मला पाहून त्यांनी काचेआडून हात जोडले.

काचेआडून. काचा वर होत्या, दारं घट्ट लावलेली होती. मी विजयरावांना बाजूला घेऊन विचारलं. ते म्हणाले, रस्त्यात गुलाल उधळून राहिले होते, आत जाऊ नये म्हणून लावून घेतलं, आईच्या बाजूचं दार बसत नव्हतं तर जरा जोर लावला. त्यांना वाटत होतं त्यांनी माझ्या रंगाची काळजीच घेतली. मी मनात म्हटलं, जाऊ दे, पूजा झाली की लगेच उघडून घेऊ. रबर थोडंफार सालटं काढेल, ते मी दुरुस्त करीन. मी अजून रंगाचाच विचार करत होतो.

गाडी पारासमोर थांबली. कुणीतरी चाकांखाली लिंबं ठेवली. मी माझ्या सवयीनं गाडीभोवती फिरून कुठं तार घासते आहे का, कुठं कुंकू सांडलं आहे का बघू लागलो. समोरच्या काचेतून डॅशबोर्डवर काहीतरी चमकलं. पितळेची पाटी होती, विजयरावांच्या वडिलांच्या नावाची. मी ती लावलेली नव्हती. ती मला दाखवली होती आणि मी म्हणालो होतो की दिवाळीनंतर चिकटवून देतो, स्क्रू मारायची ती जागा नाही. तिच्या मागून वायरींचा जुडगा जातो. सगळ्या दिव्यांची वायर तिथूनच फिरवलेली होती, कारण बाहेरून दिसू नये म्हणून मीच ती त्या पत्र्याच्या मागं दडवायला सांगितली होती. पाटीच्या चारी कोपऱ्यांना जाडजूड स्क्रू होते. आदल्या दिवशी विजयरावांनी शेजाऱ्याचं ड्रिल आणून स्वतःच्या हातानं ते मारले होते. वडिलांचं नाव गाडीत नसताना दसरा कसा करायचा, अशी त्यांच्या घरची भावना.

मी विजयरावांना हाक मारेपर्यंत जब्बारभाईंनी पूजेसाठी गाडीचे सगळे दिवे लावले होते. इंजिन चालू ठेवून ते खाली उतरले आणि माझ्या शिकवणीप्रमाणं दार हळूच, पण पूर्ण लावून घेतलं. आरती सुरू झाली. मी गर्दीतून पुढं सरकत होतो, कुणी वाट देत नव्हतं. तेवढ्यात स्टिअरिंगच्या खालून पांढरा धूर निघाला. पहिल्यांदा लोकांना उदबत्तीचा वाटला. मग तो काळा झाला आणि रबर जळल्याचा वास आला.

आरती थांबली तरी काही मोबाईल खाली आले नाहीत.

आग ड्रायव्हरच्या बाजूनं होती, त्यामुळं त्या दारातून आत जायचं म्हणजे धुरात तोंड घालणं होतं. मावशी दुसऱ्या बाजूला होत्या. मधे गियरचा दांडा, त्यांचे गुडघे दुखणारे, सरकणं शक्य नव्हतं. विजयराव त्यांच्या दाराशी धावले. त्यांनी कडी फिरवली, कडी फिरली, दार आलं नाही. परत फिरवली. मी जवळ पोचलो तेव्हा माझ्या लक्षात आलं की हा माणूस, ज्याची आई आत धुरात बसली आहे, खांद्यावरचा रुमाल काढून कडीला गुंडाळतो आहे आणि मग ओढतो आहे. मीच सांगितलं होतं फडक्यानं धरा म्हणून. आतून मावशी काच खाली करायचा हँडल फिरवू पाहत होत्या. काचेच्या खाचेतली फेल्टची, म्हणजे लोकरी कापडाची पट्टीही नवी, घट्ट. त्यांच्या बोटांत तेवढा जोर नव्हता. काच फोडावी तर तुकडे त्यांच्या तोंडावर येणार.

जब्बारभाई मागच्या पेटीतून टॉमी घेऊन आले. टॉमी म्हणजे हातभर लांबीची जाड पहार, प्रत्येक ट्रकमध्ये असते. त्यांनी तिचं टोक दाराच्या फटीला लावलं आणि थांबले. वळून माझ्याकडं बघितलं.

"मिस्त्री, लावू का? रंग उखडंल कडेचा."

मला इथं खरं सांगायला हवं. मीसुद्धा त्या कडेकडं बघितलं. त्या फटीच्या वर आडवी पट्टी होती, जी मी लुगड्यातून काढून, मेण भरून, हातानं फेरे देऊन बसवली होती. एका श्वासाएवढा वेळ माझ्या डोक्यात फक्त ती पट्टी होती. मग काचेपलीकडं मावशींचा पदर तोंडावर धरलेला हात दिसला. इतकी भीती मला आयुष्यात कधी वाटली नाही, ना आधी, ना नंतर. मी जब्बारभाईंच्या हातातून टॉमी हिसकावली आणि त्यांना ओरडून बॅटरीची वायर तोडायला पाठवलं.

टॉमी फटीत घातली आणि अंगाचा सगळा भार टाकला. पहिल्यांदा पट्टी वाकली. मग रंगाचा एक मोठा तुकडा उडून माझ्या गालाला लागला. रबर तुटताना चर्रर असा आवाज येत होता, पण दार येत नव्हतं. मी आतल्या बाजूला ओरडत होतो, मावशी, लाथ मारा, पायानं ढकला. त्या ऐकत होत्या, माझ्याकडं बघत होत्या आणि हलत नव्हत्या. मला वाटलं घाबरून त्यांना सुधरत नाही, किंवा धुरानं गेल्या. विजयराव दुसऱ्या बाजूनं टॉमीला लटकले. तेव्हा कुठं दार सुटलं, इतकं एकदम की आम्ही दोघंही मातीत पडलो.

मावशी सीटवर पाय वर घेऊन बसलेल्या होत्या. पदर तोंडावर, दुसरा हात मांडीत. त्यांना उचलून पाराच्या लिंबाखाली आणलं. तोवर जब्बारभाईंनी बॅटरीची वायर उपटली होती आणि कुणीतरी मातीच्या टोपल्या डॅशबोर्डवर ओतत होतं. आग तिथंच दबली. मावशींना खोकल्याची उबळ थांबत नव्हती, तोंड काळंनिळं झालं होतं. पाणी पाजलं, पंखा घातला. श्वास जागेवर यायला वेळ लागला. जीप येईपर्यंत मी त्यांच्या पायाशी बसून होतो. मला राहवलं नाही. मी विचारलं, मावशी, काहून लाथ मारली न्हाई तुमी? जरा धक्का दिला असता तर दार कवाच निघालं असतं.

त्यांनी दम खाऊन खाऊन सांगितलं, आणि त्यांच्या आवाजात रागाचा लवलेश नव्हता, उलट मलाच समजावल्यासारखं सांगितलं.

"तुमीच म्हणले व्हते ना, आतला रंग कच्चा हाय, पाय टेकवू नका. म्हून वर घेतले. आन् दसऱ्याच्या दिशी ह्यांच्या गाडीला लाथ कशी मारू बाप्पा?"

चुकून गाडीला पाय लागला तर हात लावून नमस्कार करणारी माणसं आपण. त्यांच्या त्या आदरावर मी माझ्या रंगाची भीती आणून ठेवली होती. त्यांचा जीव घ्यायला धुराला तेवढं पुरलं असतं. धूर दिसत होता, दार जवळ होतं, पायात जोर होता, आणि ती बाई पाय वर घेऊन बसली होती. हिंगोलीला दवाखान्यात त्यांना ठेवून घेतलं. मी रोज जात होतो. दारात उभा राहून बघत होतो आणि परत येत होतो. त्या बऱ्या झाल्या, पण छातीत घरघर राहिली ती राहिलीच.

गाडी परत माझ्या शेडवर आली. बाकी कामं मी बाजूला सारली, पण तिला हात लावायला मन धजेना. उस्तादांनी शिकवलेली भीती माणसाचा हात साफ ठेवते हे खरं. पण ती कुठं थांबली पाहिजे हे त्यांनी सांगितलं नाही आणि मीही कुणाला सांगितलं नाही. आम्ही दोघांनी पत्र्याचा विचार केला. अखेर वायरी सगळ्या नव्यानं ओढल्या, पाटी चिकटवली, दार सरळ केलं, वाकलेली पट्टी ठोकून ठोकून जागेवर आणली. रबर जाड होतं ते बदलून पातळ घातलं. रंग आतून पूर्ण पिकेपर्यंत गाडी हलू दिली नाही. विजयरावांनी एकदाही घाई केली नाही. त्यांनाही माझ्यासारखी झोप लागत नसावी.

गाडी नेऊन द्यायला मी स्वतः गेलो, जब्बारभाईंच्या शेजारी बसून. मावशी दुकानाच्या पायरीवर बसलेल्या होत्या. गाडी बघून त्यांनी मान वळवली. विजयराव म्हणाले, आई आता गाडीचं नाव काढत नाही, बसायचं तर लांबच. हीच ती बाई, जी बोटभर हिरवा रंग बघून हरखली होती.

मी त्यांच्यापाशी गेलो. म्हणालो, मावशी, माझं एक काम आहे, तुम्ही केल्याशिवाय मी गाडी देत नाही. एकदा आत बसायचं, मी दार लावणार, आणि तुम्ही आतून लाथ मारून ते उघडायचं. विजयरावांना वाटलं मिस्त्रीचं डोकं फिरलं. मावशी म्हणाल्या, मला भेव वाटतं. मी म्हणालो, मला बी वाटून राहिलं, तुमच्यापेक्षा जास्त. ते खोटं नव्हतं. दार नाही उघडलं तर काय, हा विचार डोक्यातून जात नव्हता. टॉमी मी आधीच काढून दाराजवळ ठेवली होती.

शेवटी त्या काठी टेकत उठल्या. आम्ही दोघांनी धरून त्यांना वर चढवलं. चपला काढायला लागल्या, मी काढू दिल्या नाहीत. मी दार लावलं, चांगलं जोरात लावलं, आणि बाजूला झालो. काचेतून त्या माझ्याकडं बघत होत्या. मग त्यांनी वाकून दाराच्या आतल्या पत्र्याला दोन्ही हात लावले, ते हात कपाळाला लावले, पुटपुटत नवऱ्याची क्षमा मागितली असावी, आणि चपलेसकट पाय उचलून अशी लाथ घातली की दार उघडून माझ्या खांद्यावर आदळलं.

आतल्या हिरव्या पत्र्यावर त्यांच्या चपलेचा ठसा उमटला होता. मावशींनी तो पाहिला आणि घाबरून माझ्याकडं बघितलं. मी म्हणालो, आणखी एकदा मारा.